हलकं लिनक्स पेनड्राईव्हवरून चालू होत नाही? आधी अडलंय कुठे ते शोधा

पेनड्राईव्ह लावला, लॅपटॉप चालू केला आणि नेहमीसारखं विंडोजच उघडलं. किंवा काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या आणि सगळं तिथेच थिजलं. अशा वेळी बहुतेक जण पेनड्राईव्ह पुसतात आणि त्यावर तेच लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणकप्रणाली, पुन्हा चढवतात. तेवढ्याने कधी कधी भागतं. पण बऱ्याचदा तीच अडचण तशीच पुन्हा समोर येते, कारण दोष पेनड्राईव्हमध्ये नसतोच. चार-पाच वेळा असं झालं की माणूस कंटाळतो आणि लॅपटॉप भंगारवाल्याकडे जातो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. त्यामुळे विंडोज ११ न चालणारे, पण पडदा, कळफलक, वायफाय सगळं धड असणारे कितीतरी लॅपटॉप घराघरांत पडून आहेत. पप्पी, अँटीएक्स, लुबंटू, लिनक्स लाइट या लिनक्सच्या हलक्या प्रकारांपैकी काहीतरी त्यावर नीट चालतं आणि मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, हिशेब एवढं आरामात होतं. ही यंत्रं वाचावीत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

बूट होताना काय काय घडतं

बूट होणं म्हणजे यंत्र चालू होऊन प्रणाली उघडणं. एवढं समजलं की अर्धं काम होतं. आधी बायोस (नव्या यंत्रांत यूईएफआय), म्हणजे यंत्र चालू होताच सर्वांत आधी जागा होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, पेनड्राईव्ह ओळखतं. मग पेनड्राईव्हवरचा बूटलोडर, म्हणजे सिसलिनक्स किंवा ग्रब, निवडीची यादी दाखवतो. तुम्ही एंटर दाबलं की तो कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी नावाची लहान फाईल रॅममध्ये चढवतो. कर्नल जागं झालं की ते पेनड्राईव्हवरची मोठी, दाबून लहान केलेली फाईल शोधायला लागतं. पप्पीत तिच्या नावाचा शेवट एसएफएस असा असतो, डेबियन-उबंटू घराण्यात (लुबंटू, लिनक्स लाइट वगैरे) बहुधा स्क्वॅशएफएस असा. प्रत्यक्ष लिनक्स त्या फाईलमध्ये असतं. ती सापडली की शेवटी डेस्कटॉप येतो.

या प्रत्येक टप्प्यावर अडल्याची खूण वेगळी आणि उपायही वेगळा. म्हणून काहीही बदलण्याआधी मोबाईलने पडद्याचा व्हिडिओ काढा. ओळी भराभर वर सरकतात, डोळ्यांना वाचता येत नाहीत; व्हिडिओ थांबवून शेवटच्या पाच-सहा ओळी वाचता येतात.

दुसरं, तोच पेनड्राईव्ह दुसऱ्या एखाद्या संगणकावर चालवून पाहा. शेजारच्यांचा लॅपटॉप चालेल. नुसतं बूट करून पाहिल्याने त्यांच्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही, फक्त इन्स्टॉलवर क्लिक करू नका. तिथे चालला तर पेनड्राईव्हला सोडून तुमच्या यंत्राकडे बघा. तिथेही अडला तर पेनड्राईव्ह किंवा डाउनलोड केलेली फाईल यांतच गडबड आहे.

पेनड्राईव्ह नीट बनलाय का

डाउनलोड केलेल्या आयएसओ फाईलचा (हिच्यात अख्खं लिनक्स असतं) शा-२५६ आकडा तपासा; हा फाईलच्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो. विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर फाईलवर राईट क्लिक करून ‘सीआरसी शा’ या पर्यायातून तो निघतो. लिनक्सवर ‘शा२५६सम’ (sha256sum) ही आज्ञा आहे. संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी तो शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून उतरवलेली फाईल अर्धवट राहणं नवीन नाही, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

मग पेनड्राईव्ह उघडून बघा. आत नुसती ती एक आयएसओ फाईल दिसत असेल तर ती फक्त कॉपी-पेस्ट झाली आहे. असा पेनड्राईव्ह कधीच बूट होणार नाही. अपवाद फक्त व्हेंटॉयचा, म्हणजे पेनड्राईव्हवरच्या आयएसओ फाईली थेट बूट करणाऱ्या साधनाचा: ते आधी बसवलेलं असेल तर आयएसओ नुसती टाकायची असते. एरवी रूफस किंवा बलेना एचरसारख्या साधनानेच लिहा.

रूफस लिहिण्याआधी विचारतं, ‘आयएसओ’ पद्धतीने (आतल्या फाईली उलगडून) लिहू की ‘डीडी’ पद्धतीने (फाईल जशीच्या तशी)? पहिल्यांदा आयएसओ निवडा, त्याने अडलं तरच डीडी. पप्पीसाठी तर आयएसओच बरी, कारण डीडीने लिहिलेल्या पेनड्राईव्हवर तुमचे बदल जपून ठेवायला पप्पीला सहजी जागा मिळत नाही. कधी रूफस म्हणतं की या लिनक्ससाठी सिसलिनक्सच्या किंवा ग्रबच्या वेगळ्या फाईली उतरवायला हव्यात. तेव्हा इंटरनेट जोडून ‘येस’ म्हणा. तिथे ‘नो’ म्हटलं की पुढे बूटलोडरच्या टप्प्यावर अडायची शक्यता वाढते.

डीडी पद्धतीने लिहिल्यावर विंडोज ‘ही डिस्क फॉरमॅट करा’ असं सुचवू शकतं, किंवा १६ जीबीचा पेनड्राईव्ह काही एमबीचाच दाखवतं. घाबरू नका आणि फॉरमॅट तर अजिबात करू नका. विंडोजला ती मांडणी वाचता येत नाही, एवढंच. नंतर पेनड्राईव्ह पूर्ववत करायचा असेल तर रूफसमध्येच ‘नॉन बूटेबल’ निवडून पुसता येतो.

लिनक्सवरून डीडी आज्ञेने लिहीत असाल तर दोन गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून बघा. ‘एलएसबीएलके’ (lsblk) आज्ञेने आधी सगळ्या डिस्क आणि त्यांचे आकार पाहा आणि आकारावरून पेनड्राईव्ह ओळखा; चुकीचं नाव दिलं तर हार्ड डिस्कच पुसली जाईल. आणि नाव अख्ख्या पेनड्राईव्हचं द्या, त्यावरच्या पार्टिशनचं (एका भागाचं) नको. म्हणजे एसडीबी (sdb), एसडीबी१ (sdb1) नव्हे. शेवटी तो १ राहिला की लिहिणं सुरळीत पार पडतं, पण बायोसला त्यात बूट करण्याजोगं काही सापडत नाही. लिहून झाल्यावर ‘सिंक’ (sync) आज्ञा द्या, ती पूर्ण होऊ द्या आणि मगच पेनड्राईव्ह काढा. पडद्यावर शंभर टक्के दिसलं तरी बराचसा मजकूर अजून रॅममध्येच असू शकतो.

बायोसला पेनड्राईव्ह दिसतच नाही

खूण: ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी ओळ येते किंवा सरळ विंडोज उघडतं.

बूट मेनूची कळ कंपनीगणिक बदलते. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ आहे, पण ती आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. लेनोवोच्या काही आयडियापॅडवर बाजूला टाचणीने दाबायचं छोटं नोवो बटण असतं. पॉवर बटण दाबल्या क्षणापासून कळ टकटक दाबत राहा. पेनड्राईव्ह मात्र यंत्र चालू करण्याआधीच लावलेला हवा.

विंडोज ८ नंतरच्या यंत्रांवर आणखी एक अडथळा आहे. ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज खऱ्या अर्थाने पूर्ण बंद होत नाही, आणि बायोसमधलं ‘फास्ट बूट’ चालू असेल तर सुरुवातीला यूएसबीची तपासणीच गाळली जाते. अशा वेळी शिफ्ट दाबून धरा, ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा आणि येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘युज अ डिव्हाइस’ निवडा. यूईएफआय असलेल्या यंत्रांवर हा मार्ग सर्वांत भरवशाचा.

बूट मेनूत कधी कधी एकच पेनड्राईव्ह दोनदा दिसतो: एकदा नावाआधी यूईएफआय लावून, एकदा नुसता. एकाने अडलं तर दुसरा निवडून पाहा. फक्त नुसतं नावच दिसत असेल तर पेनड्राईव्हवर यूईएफआयची फाईल नाही असं समजा. खात्री करायची तर पेनड्राईव्हवर ‘ईएफआय’ (EFI) फोल्डर, त्यात ‘बूट’ (BOOT) आणि त्यात ‘बूटएक्स६४’ (bootx64) नावाची फाईल आहे का बघा. जुन्या पप्पी आवृत्त्यांत ती नसते. मग बायोसमध्ये ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’, म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीने बूट करायची सोय, चालू करावी लागते, आणि अलीकडच्या ज्या यंत्रांत ती सोयच नाही तिथे नवी आवृत्ती घ्यावी लागते.

इथे एक खास प्रकार सांगायला हवा. इंटेल अ‍ॅटम झेड३७३५एफ प्रोसेसर असलेले स्वस्त छोटे लॅपटॉप आणि कळफलक सुटा होणारे टॅबलेट बरेच खपले. त्यांचा प्रोसेसर ६४-बिट, पण यूईएफआय ३२-बिट! त्यामुळे बूटएक्स६४ फाईल असूनही पेनड्राईव्ह दिसत नाही. तिथे ‘बूटआयए३२’ (bootia32) ही फाईल लागते. व्हेंटॉय ३२-बिट यूईएफआय चालवतं, म्हणून अशा यंत्रासाठी मी सरळ तेच सुचवेन.

खूप जुन्या बायोसमध्ये पेनड्राईव्ह ‘रिमूव्हेबल’ या नावाखाली न दिसता ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज’च्या पोटयादीत लपलेला असतो. तिथे जाऊन त्याला पहिल्या क्रमांकावर आणा. आणि प्रत्येक वेळी बूटचा क्रम आपोआप बदलत असेल, घड्याळही भलत्याच वर्षात जात असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. डेस्कटॉपमध्ये बहुधा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल असतो आणि घड्याळाच्या दुकानात मिळतो. लॅपटॉपमध्ये तो बऱ्याचदा वायरसकट येतो, मग दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या.

‘सिक्युरिटी व्हायोलेशन’

हा संदेश किंवा ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’ आला तर कारण सिक्युअर बूट, म्हणजे मान्य सही नसलेला बूटलोडर अडवणारी यूईएफआयची सोय. डेबियनने १० व्या आवृत्तीपासून, २०१९ साली, सिक्युअर बूटसाठी सही केलेला बूटलोडर दिला. लुबंटूतही तो असतो. पप्पी किंवा अँटीएक्ससारख्या लहान गटांनी चालवलेल्या लिनक्ससाठी मात्र सिक्युअर बूट बहुधा बंदच करावं लागतं.

बंद करण्याआधी एक काम करा, आणि हे टाळू नका. लॅपटॉपमध्ये विंडोज ठेवायचं असेल आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं. ती नसेल तर फोटो आणि कागदपत्रं कायमची जाऊ शकतात.

एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर सिक्युअर बूटचा पर्याय फिकट दिसतो, निवडताच येत नाही. तिथे बायोसमध्ये आधी ‘सुपरवायझर पासवर्ड’ घालावा लागतो, मग पर्याय खुला होतो. काम झालं की पासवर्ड काढून टाका.

यादी येण्याआधीच बूटलोडर अडतो

‘एलडीलिनक्स डॉट सी३२’ चढवता आली नाही अशी ओळ आली तर पेनड्राईव्ह दुसऱ्या साधनाने किंवा दुसऱ्या पद्धतीने लिहा. पेनड्राईव्ह पुन्हा लिहिणं खरंच उपयोगी पडतं अशी ही एक जागा आहे. ‘जीएफएक्सबूट’बद्दल तक्रार करून ‘बूट’ आणि विसर्गचिन्ह एवढंच उरलं तर टॅब दाबून उपलब्ध नावं पाहा. उबंटू घराण्यात तिथे ‘लाइव्ह’ (live) टाइप करून एंटर दाबलं की गाडी पुढे सरकते.

‘ग्रब रेस्क्यू’ दिसलं तर पेनड्राईव्ह काढून यंत्र पुन्हा चालू करा. तरीही तेच दिसलं तर तो ग्रब हार्ड डिस्कवरचा आहे, पेनड्राईव्हपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. वर दिलेल्या बूट मेनूच्या पायरीकडे परत जा.

कर्नल सुरू होतं आणि थांबतं

२००८ च्या सुमाराला आलेल्या नेटबुकांत इंटेल अ‍ॅटम एन२७० असायचा. तो ३२-बिट आहे. त्यावर ६४-बिट लिनक्स लावलं तर कर्नल स्वच्छ सांगतं की मला एक्स८६-६४ सीपीयू हवा, इथे आय६८६ सापडला. यावर कुठलीही सेटिंग नाही, ३२-बिट आयएसओच घ्या. पण निवड दिवसेंदिवस आक्रसते आहे: लुबंटूची शेवटची ३२-बिट आवृत्ती १८.१०, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. अँटीएक्सची २३ वी आवृत्ती ३२-बिटमध्येही निघाली. एन२७० साठी माझी पहिली पसंती तीच. त्याहून जुन्या पेंटियम एमवर ‘पीएई नाही’ अशी तक्रार आली (पीएई ही ३२-बिट प्रोसेसरची जास्त रॅम हाताळायची सोय) तर उबंटू घराण्यात ‘फोर्सपीएई’ (forcepae) हा पर्याय देऊन पाहा, नाहीतर पीएई न मागणारं कर्नल असलेली आवृत्ती घ्या.

पडदा नुसता काळा होत असेल तर आधी कर्नल काय म्हणतंय ते उघडं करा. ग्रबच्या यादीत हव्या त्या ओळीवर ई दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीवर जा, ‘क्वाएट’ (quiet) आणि ‘स्प्लॅश’ (splash) हे शब्द खोडा आणि एफ१० दाबा. सिसलिनक्समध्ये ई ऐवजी टॅब, आणि शेवटी एंटर. आता संदेश दिसू लागतील. ते वाहत जाऊन नेमका पडदा बदलतानाच सगळं काळं झालं तर ग्राफिक्सची अडचण आहे. त्याच ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ (nomodeset) लिहा. सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा न सोडता. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो, बिघडण्यासारखं काही नाही. जुन्या एनव्हिडिया आणि रेडियन कार्डांवर तो बऱ्याचदा कामी येतो.

‘कर्नल पॅनिक’ येऊन त्यात ‘अनेबल टू माउंट रूट’ असेल तर इनिटआरडी चढलेली नसते: फाईल अर्धवट आहे किंवा बूटलोडरमध्ये तिचा पत्ता चुकलाय. शा-२५६ च्या पायरीवर परत जा. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल तर मात्र रॅमचा संशय घ्या. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा, किंवा रॅमच्या पट्ट्या काढून, संपर्काची टोकं पुसून एकेक लावून पाहा.

यादी दिसली, पण पेनड्राईव्ह ‘हरवला’

हलक्या लिनक्समध्ये सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार हाच. पप्पी म्हणतं, ‘एसएफएस नॉट फाउंड’, आणि इनिशियल रॅमडिस्कच्या कन्सोलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, आणून सोडतं. उबंटू घराणं म्हणतं, ‘लाइव्ह फाईल सिस्टिम असलेलं माध्यम सापडलं नाही’. आता याच पेनड्राईव्हवरून कर्नल चढलं, मग पेनड्राईव्ह गेला कुठे?

बूटलोडर पेनड्राईव्ह वाचतो तो बायोसच्या मदतीने. कर्नल सुरू झालं की ती मदत संपते आणि कर्नलला स्वतःच्या ड्रायव्हरने पेनड्राईव्ह नव्याने ओळखावा लागतो. त्या पोर्टचा ड्रायव्हर इनिटआरडीत नसेल, पेनड्राईव्ह जागा व्हायला उशीर करत असेल किंवा हबमधून पुरेशी वीज मिळत नसेल, तर बायोसला दिसलेला पेनड्राईव्ह कर्नलला दिसत नाही.

तिथल्या तिथे तपासता येतं. उबंटू घराण्याच्या ‘इनिटरॅमएफएस’ नावाच्या किंवा पप्पीच्या त्या कन्सोलवर ‘कॅट’ आज्ञेने ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘पार्टिशन्स’ ही फाईल वाचा (cat /proc/partitions). हार्ड डिस्क बहुधा एसडीए असते. पेनड्राईव्हच्या आकाराची एसडीबीसारखी दुसरी ओळ यादीत नसेल तर कर्नलला तो दिसलेला नाही. पेनड्राईव्ह काढा, दुसऱ्या पोर्टला लावा, दहा सेकंद थांबा आणि फाईल पुन्हा वाचा. निळ्या यूएसबी ३.० पोर्टऐवजी काळा २.० पोर्ट, हबऐवजी थेट लॅपटॉप, डेस्कटॉपवर पुढच्याऐवजी मागचा पोर्ट: एवढ्यावर पुष्कळदा काम होतं. उशीर हे कारण असेल तर कर्नलच्या ओळीत ‘रूटडिले=१५’ (rootdelay=15) देऊन पाहा. पप्पीत ‘पीमीडिया=यूएसबीफ्लॅश’ (pmedia=usbflash) लिहिलेलं आहे ना, तेही बघा.

ओळ यादीत असेल, तर पेनड्राईव्ह दिसतोय पण आतली फाईल सापडत नाही. पप्पीची एसएफएस फाईल तुम्ही एखाद्या फोल्डरात हलवली असेल तर ‘पीसबडिर’ (psubdir) या पर्यायाने त्या फोल्डरचं नाव सांगावं लागतं. आणि ‘स्क्वॅशएफएस एरर’ किंवा ‘बफर आय-ओ एरर’च्या ओळींचा पाऊस पडत असेल तर पेनड्राईव्ह खराब झालाय. लेबलवर ६४ जीबी आणि आत प्रत्यक्षात फारच कमी, असे बनावट पेनड्राईव्ह बाजारात आहेत. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्सवर ‘एफथ्री’ने खरी क्षमता कळते. दोन्ही तपासण्या पेनड्राईव्ह भरून टाकतात, म्हणून आतलं काही हवं असेल तर आधी काढून घ्या.

काल चालत होतं, आज नाही

पप्पी तुमचे बदल एका सेव्ह फाईलमध्ये ठेवते. वापरात असताना वीज गेली, विशेषतः बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर, तर ती फाईल बिघडू शकते. बूट करताना कर्नलच्या ओळीत ‘पीफिक्स=रॅम’ (pfix=ram) द्या; सेव्ह फाईल बाजूला ठेवून पप्पी कोरी चालू होईल. तशी चालली तर दोष सेव्ह फाईलचाच. मग पुढच्या वेळी ‘पीफिक्स=एफएससीके’ (pfix=fsck) देऊन ती तपासून दुरुस्त करून घ्या. फाईल काठोकाठ भरली असेल तरी डेस्कटॉप येत नाही, त्यामुळे आतली मोठी डाउनलोड आधी बाहेर हलवा. रॅम एक जीबीच्या आत असेल आणि फाईल रॅममध्ये उतरवतानाच गाडी अडत असेल तर ‘पीफिक्स=नोकॉपी’ (pfix=nocopy) द्या.

बायोस यूएसबीवरून बूट करतच नसेल

सीडी ड्राइव्ह चालू असेल तर प्लॉप बूट मॅनेजर सीडीवर लिहा. त्यात स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असतो, तो पेनड्राईव्ह ओळखून पुढे बूट करतो. किंवा लिनक्सच सीडीवर लिहा: फोसापप६४ ही पप्पी सुमारे ४०० एमबीची आहे, ७०० एमबीच्या सीडीत मावते. तीही सोय नसेल तर हार्ड डिस्क काढून अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडा, पप्पीच्या तीन मुख्य फाईली (कर्नल, इनिटआरडी आणि एसएफएस) एका फोल्डरात ठेवा, त्या डिस्कवर ग्रब४डॉस हा बूटलोडर बसवा आणि यादीत त्या फोल्डराचा पत्ता द्या. डिस्क परत जागेवर बसवली की यूएसबीचा प्रश्नच उरत नाही. पप्पी त्या फोल्डराच्या बाहेर फारसं काही पसरत नाही, त्यामुळे डिस्कवरचे जुने फोटो आणि कागदपत्रं आहेत तिथेच राहतात. तरी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडलेली असतानाच त्यांची एक प्रत काढून ठेवा.